काठ मोकळा ठेवा

दिवाळी सरली की कोकणातल्या नद्यांचं पाणी उतरायला लागतं, आणि शिमग्याच्या आगेमागे पात्रांत पोकलेन उतरतात. कुठे गाळ काढायचा असतो, कुठे संरक्षक भिंत घालायची असते, कुठे घाट बांधायचा असतो. मृगाआधी काम उरकायचं आणि बिलं काढायची, म्हणून सगळीकडे घाई. अंदाजपत्रकात खोदाईचे घनमीटर असतात, सिमेंटच्या गोणी असतात, डिझेल असतं. काठ कुठेच नसतो. करंज-उंबराच्या मुळांनी धरून ठेवलेला, कातळाच्या फटींचा, शेरणीच्या झुडपांचा काठ दोन दिवसांत सोलून निघतो आणि तो गेल्याची नोंद कुठल्याही कागदावर होत नाही.

हा लेख त्या काठासाठी आहे. त्याच्या वतीनं बोलायला मी दोन साक्षीदार आणले आहेत. एक पाणमांजर, कोकणात कुणी त्याला ऊद म्हणतो, कुणी हुदाळं. दुसरं त्याच काठच्या दगडावरचं शेवाळ. पहिल्याचा फोटो मिळाला तर वर्तमानपत्रं छापतात. दुसरं दिसलं की आपण ब्लिचिंग पावडर आणि खराटा घेऊन येतो. एकाच दगडाच्या आधारानं जगणाऱ्या दोघांना मिळणारी ही वागणूक पाहिली की वाटतं, आपल्याला नदी अजून कळायची आहे.

आधी पाणमांजर. आपल्या भागातलं पाणमांजर म्हणजे मऊ, गुळगुळीत केसांचं. आग्नेय आशियातलं सगळ्यांत मोठं पाणमांजर हेच. वजन सात ते अकरा किलो, शेपूट टोकाकडे चपटी, बोटं पडद्यांनी जोडलेली. सिंधुदुर्गात तिलारीच्या खोऱ्यात ते आहे, गोव्यात मांडवीतल्या चोडण बेटाभोवती कांदळवनात आणि खाजनांच्या बांधांवर आहे. सील किंवा देवमाशासारखा चरबीचा जाड थर त्याच्या अंगावर नाही. अंग उबदार राहतं ते केसांमुळे. वर लांब केस, खाली दाट लव, आणि त्या लवेत अडकलेली हवा. ते तासन्‌तास पाण्यात असतं, पण त्याच्या कातडीपर्यंत पाणी पोचत नाही. अशा शरीराला इंधन फार लागतं. दिवसाला साधारण किलोभर मासे, वर खेकडे आणि बेडूक. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग होत नाही तेव्हा मिशांना माशाची हालचाल कळते. कुटुंब एकत्र शिकारीला निघतं, फळी धरून मासे पुढे रेटतं आणि उथळ पाण्यात गाठतं. आई-बाप, गेल्या विणीची पोरं आणि या विणीची पिल्लं असा तो सगळा गोतावळा. शिट्ट्या आणि किलबिलाटासारखे आवाज काढत चाललेला हा घोळका ज्यानं एकदा पाहिला, तो जन्मभर विसरत नाही.

पण पाणमांजर दिसण्यापेक्षा त्याची खूण आधी सापडते, आणि ती प्रत्येकानं ओळखायला शिकलीच पाहिजे. पाण्यालगतच्या एखाद्या सपाट कातळावर किंवा वाळूच्या उंचवट्यावर ती एकाच ठिकाणी पुन्हापुन्हा विष्ठा टाकतात. जवळ जाऊन बसा. वाळलेल्या विष्ठेत माशांचे खवले उन्हात चमकताना दिसतात, सुईएवढे काटे दिसतात, खेकड्याच्या कवचाचे तांबूस तुकडे दिसतात. उग्र मासळीचा वास येतो. शेजारी वाळूत लोळल्याच्या खुणा असतात, कारण केस कोरडे करायला त्यांना वाळू लागते. ही त्या कुटुंबाची पाटी आहे, घरमालकाच्या नावानिशी लावलेली. जिथे ही पाटी आहे तिथून जवळच मुळांच्या खाली किंवा दगडांच्या कपारीत त्यांचं बीळ असतं. साठ-बासष्ट दिवसांच्या गर्भारपणानंतर मादी तिथे पिल्लं घालते, पाचपर्यंत. पावसाळा संपल्यावर, थंडीच्या आसपास हा मोसम येतो. पिल्लं डोळे मिटलेली, पोहता न येणारी असतात आणि काही आठवडे बिळातच राहतात. आपली यंत्रं सज्ज होऊ लागतात तीही त्याच सुमारास.

आता दुसरा साक्षीदार. डबक्यात तरंगणारं तंतूंचं हिरवं शेवाळ मला अभिप्रेत नाही. दगडावर, जुन्या चिऱ्यांवर मखमल पसरलेली दिसते ते, ज्याला शास्त्रात मॉस म्हणतात. जगात त्याच्या बारा हजारांच्या आसपास जाती आहेत. मी त्यांतली एकच घेते, सर्वांत साधी, हायोफिला इन्व्होल्युटा. ओढ्याच्या दगडावर, विहिरीच्या कठड्यावर, देवळाच्या पायरीवर तुम्ही ती हजारदा ओलांडली आहे. उंची जेमतेम सेंटिमीटरभर. मार्च महिन्यात ती करडी, मेल्यासारखी दिसते. एक भिंग घ्या आणि वाकून बघा. प्रत्येक इवलंसं पान कडांनी आत वळून विड्यासारखं घट्ट गुंडाळलेलं असतं. आता ओंजळभर पाणी घाला. मिनिटाच्या आत ते विडे उलगडतात, पानं सपाट पसरतात आणि करड्या दगडावर ओला हिरवा रंग चढतो. नीट पाहिलंत तर पानांच्या बगलेत चांदणीच्या आकाराचे तपकिरी कण दिसतील. एकेका कणापासून नवीन रोप उगवू शकतं, फक्त पाण्यानं त्याला पुढच्या दगडावर नेऊन टाकलं पाहिजे.

मुलांना शाळेत बेडकाचं चित्र काढायला लावण्यापेक्षा हे एकदा करून दाखवावं असं मला मनापासून वाटतं. शिक्षकहो, खर्च एका भिंगाचा आहे.

या झाडाला मुळं नाहीत. दगड धरून ठेवायला बारीक तंतू आहेत, पण पाणी ओढून वर चढवणारी नळ्यांची व्यवस्था नाही. पान बहुतेक ठिकाणी एका पेशीच्या जाडीचं. जे पाणी अंगावर पडेल ते थेट आत जातं, आणि पाणी गेलं की सगळं झाड थांबतं. त्याचं लग्नही पाण्यावाचून लागत नाही. नर पेशी पोहत मादी पेशीपर्यंत जाते, त्यासाठी निदान पाण्याचा पातळ पापुद्रा लागतो. सुमारे पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वी वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्या तेव्हापासून या कुळानं हा बंध तोडलेला नाही. पाणमांजराचे पूर्वज जमिनीवरून पाण्याकडे परतले. मॉसचे पूर्वज पाण्यातून जमिनीवर आले आणि काठावरच थांबले. दोघांची वाट उलट, मुक्काम एक.

पाण्याशी वागण्याच्या दोघांच्या रीतीही उलट. एकाचं सारं शरीर पाणी बाहेर ठेवण्यासाठी घडलेलं, दुसऱ्याचं आत घेण्यासाठी. तरी दोघांचा घात एकाच गोष्टीनं होतो, पाणी बिघडलं की. तेलाचा तवंग आला तर पाणमांजराच्या लवेतली हवा निघून जाते, थंडी थेट कातडीला भिडते. मॉसला कातडीच नाही. पाण्यात जे विरघळलं असेल ते गाळणीशिवाय आत जातं आणि तिथेच साठतं.

म्हणून तर जगानं या दोघांना पाण्या-हवेचे पहारेकरी मानलं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये शास्त्रज्ञांनी रानातलं मॉस गोळा करून त्यात शिसं आणि इतर जड धातू किती साठले आहेत ते मोजायला सुरुवात केली. १९९० पासून युरोपातले अनेक देश दर पाच वर्षांनी ही मोजणी करत आले आहेत. महागडी यंत्रं जिथे बसवता येत नाहीत तिथे मूठभर मॉस हिशेब देतं. पाणमांजराचा हिशेब अधिक दुःखाचा आहे. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये बियाण्याला आणि मेंढ्यांना डिल्ड्रिन नावाचं कीटकनाशक लावायला लागले. ते ओढ्यात उतरलं, माशांत साठलं, माशांतून पाणमांजरांत गेलं. काही वर्षांत देशाच्या मोठ्या भागातून पाणमांजरं नाहीशी झाली. लक्षात कुणाच्या आलं? कुत्री घेऊन त्यांची शिकार करणाऱ्यांच्या. त्यांना शिकार मिळेनाशी झाली. त्या विषावर बंदी आली, नद्या हळूहळू सुधारल्या, आणि २०११ मध्ये शेवटच्या उरलेल्या केंट परगण्यातही पाणमांजर परतलं, म्हणजे इंग्लंडच्या प्रत्येक परगण्यात ते पुन्हा आलं. मधे अर्धशतक गेलं. आपल्याकडे आंबा-काजूवर फवारे मारून झाले की पंप धुवायला लोक ओढ्यावर जातात, हे मी अनेक गावांत पाहिलं आहे. तो ओढा कुठे जातो, त्याचा विचार करा.

आता या दोघांना जोडणारी साखळी, जी मला या सगळ्यांत महत्त्वाची वाटते. उघडा, गुळगुळीत दगड आणि मॉसनं झाकलेला दगड पाण्यात शेजारी शेजारी असतील, तर मॉसच्या दगडावर कितीतरी जास्त किड्यांच्या अळ्या सापडतात. प्रवाहाच्या जोरात त्यांना धरायला जागा मिळते, खायला बारीक गाळ आणि सूक्ष्म जीव मिळतात. त्या अळ्यांवर छोटे मासे पोसतात, छोट्यांवर मोठे. मोठ्या माशांमागे पाणमांजर येतं. दगड खरवडला की ही साखळी पहिल्या कडीपासून तुटते, आणि शेवटच्या कडीला ते कळायला वेळ लागतो. प्रामाणिकपणे सांगायचं तर हा व्यवहार बराचसा एकतर्फी आहे. मॉसवाचून पाणमांजराचं अडतं, पाणमांजरावाचून मॉसचं फारसं अडत नाही. लहानाचा मोठ्याला आधार आहे, आणि वाचवायची वेळ आली की आपण फक्त मोठ्याचं नाव घेतो.

कायद्यातही तेच. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ ची दुरुस्ती झाल्यावर आपलं पाणमांजर पहिल्या परिशिष्टात आलं, म्हणजे वाघाच्या पंगतीला. २०१९ मध्ये जिनिव्हात झालेल्या परिषदेनं त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद केला. ते गरजेचंच होतं. ऑक्टोबर २००३ मध्ये तिबेटात एकाच जप्तीत वाघांची ३१, बिबट्यांची ५८१ आणि पाणमांजरांची ७७८ कातडी सापडली होती. वाघाच्या बातमीत ही शेवटची संख्या कुणाला आठवत नाही. पण याच कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीनं वनस्पतींसाठी जे सहावं परिशिष्ट जोडलं होतं त्यात अवघ्या सहा वनस्पतींना जागा होती, आणि त्यांत एकही मॉस नव्हतं. कायदा प्राण्याला मारणाऱ्याला पकडू शकतो. त्याचं घर, त्याच्या माशांचा दगड, त्या दगडावरची हिरवी साय सरकारी निविदेनंच उखडली जात असेल तर कुणाला पकडायचं?

एक आक्षेप मला ठाऊक आहे. हायोफिला तर सिमेंटच्या भिंतीवरही उगवते, मग भिंत घातल्यानं तिचं काय बिघडलं? खरं आहे, उगवते. जुन्या, ओल धरणाऱ्या, सावलीतल्या भिंतीवर काही वर्षांनी ती येतेही. पण त्या दगडावर ती एकटी नव्हती. तिच्या शेजारी सावली आणि सतत ओल मागणाऱ्या दुसऱ्या जाती होत्या, लिव्हरवर्ट होते, नेचे होते, आणि त्या सगळ्यांमागे कपारीत पाणमांजराचं बीळ होतं. ओळंब्यात उभ्या केलेल्या, उन्हात तापणाऱ्या आरसीसी भिंतीत बीळ करता येत नाही, आणि पाण्यातून वर चढताही येत नाही. मी मुद्दाम सर्वांत सामान्य जात निवडली. दुर्मीळ जात असती तर आपण एक कुंपण घालून मोकळे झालो असतो. हायोफिला सगळीकडे आहे, म्हणून तिच्यासाठी कुंपण घालता येत नाही. सवय बदलावी लागते.

माझ्या ओळखीच्या एका गावात ओढ्याच्या कोंडीला लागून घाट बांधला. काम करून घेणाऱ्या माणसाला विचारलं, हे शेवाळलेले दगड का काढता? तो म्हणाला, घसरडं असतं, माणसं पडतात, आणि स्वच्छ दिसलं पाहिजे ना. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. हेच सर्वांत अवघड आहे. आपल्या डोक्यात स्वच्छ नदीचं जे चित्र बसलं आहे ते नळाच्या हौदाचं आहे. सरळ कडा, सपाट तळ, वर रंगवलेली रेलिंग. पायऱ्या जरूर बांधा, बायकांना कपडे धुवायला आणि गणपती विसर्जनाला जागा लागतेच. त्यासाठी चार मीटर पुरतात. चारशे मीटर काठ कशाला लागतो?

पुराची भीती मी हलकी समजत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढलं होतं. दुकानं गेली, कागदपत्रं गेली, माणसं गेली. वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ काढा म्हणून लोक उपोषणाला बसले, आणि ती मागणी रास्त होती. गाळ काढायलाच हवा असेल तिथे काढा. पण गाळ पात्राच्या मधोमध असतो, काठ गाळ नसतो. काम एकाच तीरावरून करा, समोरचा तीर अभंग ठेवा. झाडांची मुळं आणि मोठे दगड आहेत तिथे बकेट लावू नका. रस्ता किंवा घरं खरोखर खचत असतील तिथे भिंत घाला, पण तारेच्या जाळीत दगड भरून किंवा कोरडं पिचिंग करून घाला, फटी राहू द्या, वर वाळा लावा. सिमेंटची गुळगुळीत भिंत पाण्याचा वेग कमी करत नाही. ती तो वेग खाली, समोरच्या काठावर, दुसऱ्या कुणाच्या तरी शेतात ढकलते. आणि गाळ येतो कुठून, हेही त्याच बैठकीत विचारा. डोंगर सपाट करून लावलेले मळे, उघड्या टाकलेल्या चिरेखाणी आणि रस्त्यासाठी कापलेल्या दरडी यांची तांबडी माती पहिल्या पावसात खाली येते. दगडावर तिचा लेप बसला की मॉस गुदमरतं आणि माशांची अंडीही. वर आवर घालायचा नाही आणि खाली दरवर्षी उपसत राहायचं, यात नदीही राहत नाही आणि पैसाही.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर सिंगापूरकडे पाहा. जगात जागेची सर्वांत टंचाई असलेल्या शहरांपैकी एक. तिथल्या नद्या १९७० च्या दशकापर्यंत इतक्या घाण झाल्या की आपल्याच जातीचं हे पाणमांजर तिथून नाहीसं झालं. सरकारनं नद्या स्वच्छ केल्या, आणि १९९८ मध्ये उत्तर किनाऱ्यावर पाणमांजरं पुन्हा दिसली. पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. बिशान-आंग मो किओ उद्यानाच्या कडेनं कलांग नदी २.७ किलोमीटरच्या सरळ सिमेंटच्या नाल्यातून वाहत होती. तो नाला त्यांनी फोडला. नदीला ३.२ किलोमीटरची वळणं दिली, उतरते काठ दिले, दगड टाकले, झुडपं लावली. पूर आला तर पाणी उद्यानात पसरेल आणि ओसरेल अशी सोय केली. २०१२ मध्ये हे काम पुरं झालं, आणि थोड्याच वर्षांत पाणमांजराचं एक कुटुंब तिथे राहायला आलं. आज शहराच्या मधोमध पिल्लांना घेऊन ते फिरतं आणि माणसं रस्ता सोडून उभी राहतात. त्यांनी सिमेंट घालून, पस्तावून, पैसे खर्चून ते काढलं. आपल्याकडे अजून घातलेलं नाही तिथे फक्त थांबायचं आहे.

घराजवळचं उदाहरणही आहे. कर्नाटकानं २०१५ मध्ये तुंगभद्रेचा ३४ किलोमीटरचा पट्टा पाणमांजरांसाठी राखीव जाहीर केला. आपल्याकडे २०२० मध्ये तिलारीचं २९.५३ चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव झालं, ते हत्ती, वाघ यांच्या येण्याजाण्याच्या वाटेसाठी. चांगलं झालं. पण तिलारी नदी राखीव जंगलाच्या हद्दीपाशी थांबत नाही. ती दोडामार्गातून खाली गोव्यात उतरते, शापोरा होते आणि समुद्राला मिळते. पाणमांजर त्या पाण्याबरोबर जातं. त्याला हद्द दिसत नाही, त्याला काठ दिसतो किंवा दिसत नाही.

आणि हे आपल्या संस्कारांत नवीनही नाही. महाड तालुक्यात वाळण कोंडीत वरदायिनी देवीचे मासे आहेत. माणसं त्यांना खायला घालतात, कुणी जाळं टाकत नाही. कोकणातल्या देवरायांतले ओढे आजही बारमाही का वाहतात, हे कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. तिथलं झाड तोडलं नाही, दगड हलवला नाही, म्हणून. मी देवाच्या धाकाचं कौतुक करत नाही. गावानं एकत्र बसून ही जागा हात न लावण्याची असं ठरवलं होतं, त्या ठरवण्याचं कौतुक करते. ते आज पुन्हा करता येतं.

मग करायचं काय?

मच्छीमार बांधवांना पहिली विनंती. ऊद तुमचं जाळं फाडतं, हे खरं आहे, आणि फाटलेल्या जाळ्याची किंमत तुम्ही एकट्यानं का सोसावी? त्याची भरपाई मिळावी ही मागणी आपण सगळ्यांनी मिळून वनखात्याकडे करायला हवी, आणि मी तीत तुमच्याबरोबर आहे. पण डोहात ब्लिचिंग टाकून किंवा जिलेटिन फोडून मासे मारणारे जे कुणी असतील, ते तुमचे शत्रू आधी आहेत आणि उदाचे नंतर. एका स्फोटात त्या कोंडीतलं पुढच्या तीन वर्षांचं बी जातं. तुम्हाला ती माणसं माहीत असतात. बांगलादेशात नडाइलचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या हेच पाणमांजर पाळून त्याच्याकडून मासे जाळ्यात हाकून घेत आले. माणूस आणि ऊद एका नदीवर जगू शकतात.

मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांना दुसरी. गावच्या विकासाला तुम्ही पैसे देता, आमदार-खासदारांकडे शब्द टाकता. गणपतीला गावी याल तेव्हा नदीवर नवा घाट मागू नका. आहे तो काठ कसा आहे, ते एकदा चालून बघा. तोच निधी वरच्या अंगाला झाडं धरून ठेवायला, चिरेखाणीच्या पाण्याला अडवायला, शाळेला भिंगं द्यायला वापरा. मुलांना बरोबर घ्या. पाणमांजर दिसेलच असं नाही, पण शेवाळ नक्की दिसेल, आणि ते ओंजळभर पाण्यानं उलगडताना पाहिलेलं पोर पुढे कुणी दगड खरवडायला लागलं तर विचारल्याशिवाय राहणार नाही.

आणि गावांना शेवटची, सर्वांत महत्त्वाची. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही दिली आहे. ती नोंदवही पंचायतीच्या कपाटात असेल. काढा. ती वाचा. तीत पाणमांजराच्या विष्ठेचे कातळ कुठे आहेत, बिळं कुठे आहेत, कुठल्या ओढ्याचे दगड बारमाही शेवाळलेले आहेत, कुठल्या कोंडीत मासे टिकतात, हे गावातल्या म्हाताऱ्यांना, गुराख्यांना, पागेऱ्यांना विचारून लिहा. शास्त्रीय नावं नसली तरी चालतील. जागेचं नाव हवं, कारण ती जागा कागदावर आली की यंत्र आणणाऱ्याला ती नव्हती असं म्हणता येत नाही. महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना बोलवा. कोकणातल्या बहुतेक ओढ्यांवरच्या मॉसकडे अजून कुणी वाकून पाहिलेलं नाही.

मग ठराव करा. लांबलचक नको. एवढंच: गावाच्या हद्दीत नदी-ओढ्याच्या काठावर यंत्र उतरवण्याआधी समितीची पाहणी आणि लेखी मत घेतलं जाईल, काम एकाच तीरावरून होईल, ज्या कपारींत पाणमांजराचं बीळ आहे तिथपासून दोन्ही अंगांना शंभर मीटरपर्यंत दगड, झाड, माती हलवली जाणार नाही, गावाच्या निदान एका कोंडीत मासेमारी बंद राहील, ब्लिचिंग, जिलेटिन वापरणाऱ्यावर पंचायत स्वतः तक्रार देईल. ग्रामसभा २६ जानेवारीला असते. यंत्रं त्यानंतर उतरतात, म्हणून हीच तारीख धरा, १ मे वर टाकू नका. ठरावाच्या प्रती पाटबंधारे विभागाला, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला द्या, आणि प्रत्येक प्रतीवर शिक्का, तारीख आणि सहीची पोच घेऊनच घरी या.